आधी पांढरा, मग बाकीचे रंग: घरच्या टीव्हीचं चित्र खरं दिसावं म्हणून

भाऊबीजेला मावशीकडे गेले होते. तिच्याकडे नवाकोरा ५५ इंची टीव्ही आला होता आणि त्यावर एका जुन्या कसोटी सामन्याची क्षणचित्रं चालू होती. मावशी म्हणाली, "अगं, या खेळाडूंच्या कपड्यांना नीळ जास्त झाल्यासारखी नाही का वाटत?" तिची नजर अगदी बरोबर होती. शर्ट निळसर होते, गवत पोपटी होऊन चमकत होतं आणि गोलंदाजाचा चेहरा तांबडालाल झाला होता. टीव्ही बिघडलेला नव्हता. खोक्यातून जसा निघाला तसाच तो भिंतीवर चढला होता. मी रिमोट घेऊन वीसेक मिनिटं बसले. शर्ट पांढरे झाले, मैदानावर गवत कापल्याचे फिके-गडद पट्टे वेगळे दिसू लागले, आणि टोपीच्या सावलीतले गोलंदाजाचे डोळेही दिसले. ते मघाशी काळ्यात बुडाले होते.

ते कसं करायचं, हे इथे क्रमाने लिहिते आहे. टीव्ही नवा असो की पाच वर्षांचा, सेटिंग्ज कधीच उघडल्या नसतील तर हे तुमच्यासाठी आहे. साहित्य म्हणून एक पांढरा कागद, एक पेन ड्राइव्ह आणि आठवडाभराचा धीर एवढं पुरतं.

खरा रंग कोणी ठरवला?

कुठलाही चित्रपट किंवा मालिका पूर्ण होताना शेवटी एक माणूस मंद उजेडाच्या खोलीत, काटेकोर जुळवलेल्या मॉनिटरसमोर बसून प्रत्येक दृश्याचे रंग पक्के करतो. त्याला कलरिस्ट म्हणतात. त्याचा मॉनिटर ठरलेल्या प्रमाणावर चालतो. एचडी चित्रासाठी हे प्रमाण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० मध्ये ठरवलं. त्याला 'रेक. ७०९' म्हणतात. लाल, हिरवा आणि निळा हे मूळ रंग नेमके कोणते आणि ते तिन्ही मिसळून होणारा पांढरा कोणता, हे त्यात बांधून दिलेलं आहे. त्या पांढऱ्याचं नाव डी-६५. त्याचं रंगतापमान, म्हणजे पांढऱ्यातली पिवळी-निळी झाक मोजणारा आकडा, सुमारे ६५०० केल्विन, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडाइतकं. नेहमीच्या, एचडीआर नसलेल्या चित्रासाठी त्या मॉनिटरचा सर्वांत उजळ पांढरा १०० निट्सच्या आसपास ठेवतात. (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप; एचडीआर म्हणजे उजळ आणि काळ्यातलं अंतर जास्त दाखवणारं चित्र, ते सातव्या पायरीत.)

तुमच्या टीव्हीने याच प्रमाणाच्या जवळ जायचं असतं. रंगांची अचूकता म्हणजे इतकंच. ही आवडीनिवडीची बाब आहे असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. भडक रंग आवडत असतील तर जरूर ठेवा, पण संध्याकाळचा मंद प्रकाश दाखवायला कोणीतरी तासन्‌तास खपलेलं असताना तोच प्रसंग भर दुपारचा दिसत असेल, तर आपण वेगळंच काहीतरी पाहतो आहोत, हे निदान ठाऊक असावं.

मग कंपन्या निळसर पांढरा का देतात? मावशीच्या नीळेतच याचं उत्तर आहे. धुतलेल्या कपड्यांना थोडी नीळ दिली की ते जास्त पांढरे वाटतात, कारण किंचित निळसर पांढरा आपल्या डोळ्यांना अधिक शुभ्र भासतो. दुकानात वीस टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात, डोक्यावर झगझगीत दिवे असतात, आणि गिऱ्हाइकाची नजर सर्वांत शुभ्र, सर्वांत भडक चित्रावर थांबते. त्या स्पर्धेसाठी केलेली मांडणी आपल्या हॉलमध्ये येते.

१. चित्र येतंय कुठून, ते आधी बघा

रंगांना हात लावण्याआधी टीव्हीच्या मागे डोकावा. सेट-टॉप बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांच्या केबलने जोडलेला असेल, तर पुढचं सारं वाचून फारसा उपयोग होणार नाही. त्यातल्या पिवळ्या तारेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही. बॉक्स एचडी, पॅक एचडी, पैसेही एचडीचे, आणि तार मात्र जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातली, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. एचडीएमआय केबल लावा. त्यानंतर सेट-टॉप बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत जाऊन रिझोल्यूशन ५७६ वर अडकलेलं नाही ना ते बघा. १०८०आय किंवा त्यावरचं जे असेल ते निवडा.

एसडी वाहिन्यांबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. बरोबर वीसपट. म्हणजे प्रत्येक खऱ्या बिंदूमागे १९ बिंदू टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. एसडी वाहिनी मोठ्या पडद्यावर धुरकट दिसते याचं कारण हे आहे. सेटिंग्जनी त्यात फार फरक पडत नाही. रोज बघायच्या दोन-चार वाहिन्या तरी एचडीत घेतल्या तर तो खर्च सत्कारणी लागतो.

चित्राचा आकारही इथेच नीट करून घ्या. जुने ४:३ आकाराचे कार्यक्रम पडदाभर ताणले की माणसं जाडी दिसतात आणि चेंडू अंडाकृती होतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तरी मूळ आकारच ठेवा. शिवाय बरेच टीव्ही चित्र थोडं मोठं करून त्याच्या कडा कापतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा वाकड्यातिकड्या यायच्या, त्या झाकण्यासाठीची ही सवय अजून टिकून आहे. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय सापडेल. तो चालू करा. बातम्यांच्या वाहिनीच्या खालच्या पट्टीतली अक्षरं लगेच रेखीव होतात.

२. मोड बदला, निम्मं काम इथेच होतं

पिक्चर मोडमध्ये व्हिव्हिड, डायनॅमिक, स्टँडर्ड, स्पोर्ट्स, सिनेमा किंवा मूव्ही, आणि अलीकडच्या अनेक टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' दिसेल. तुमच्याकडे फिल्ममेकर मोड असेल तर डोळे झाकून तोच निवडा. यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने तो २०१९ मध्ये जाहीर केला. पांढरा डी-६५ वर ठेवायचा, चित्राचा मूळ आकार मोडायचा नाही, आणि हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या करामती बंद ठेवायच्या, हे त्यात आधीच केलेलं असतं. तो नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही घ्या. सोनीत 'कस्टम' किंवा 'प्रोफेशनल' आणि एलजीत 'एक्स्पर्ट' नावाचे मोडही चांगले असतात.

मोड बदलल्यावर चित्र एकदम मंद आणि पिवळट वाटेल. घाबरून मागे जाऊ नका. यातला मंदपणा आपण पाचव्या पायरीत घालवू, आणि पिवळटपणा तुमचे डोळेच घालवतील.

टीव्ही दर काही मिनिटांनी आपोआप भडक होत असेल किंवा पडद्यावर वैशिष्ट्यांच्या जाहिराती येत असतील, तर तो पहिल्यांदा चालू करताना चुकून 'स्टोअर' किंवा 'रिटेल' निवडलं गेलं आहे. जनरल सेटिंग्जमध्ये जाऊन 'होम' करा.

३. टीव्हीची अतिहुशारी बंद करा

या पायरीत फक्त बंद करत जायचं आहे. ऊर्जा बचतीचा पर्याय आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा कमी-जास्त करणारा सेन्सर निदान जुळवणी चालू असेपर्यंत तरी बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एक करता आणि टीव्ही मागून दुसरंच. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर, कलर एन्हान्सर, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने असलेला पिक्चर मोड, सगळं बंद. हे पर्याय दर दृश्यागणिक चित्र बदलतात, त्यामुळे कुठलीच जुळवणी टिकत नाही. नॉइज रिडक्शन चांगल्या एचडी चित्रासाठी बंद ठेवा. एसडी वाहिनीपुरतं 'लो' चालेल.

हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सोयीवर मात्र थोडं थांबायला हवं. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसडतो आणि मोठ्या पडद्यासाठी घेतलेला चित्रपट स्टुडिओतल्या दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करायची विनंती केली होती. चित्रपटांसाठी ती बंदच हवी. क्रिकेटला ती थोडी चालते, चेंडू जरा स्पष्ट दिसतो, पण बॅटच्या कडेभोवती फाटल्यासारखं दिसू लागलं तर कमी करा.

राहिली शार्पनेस. ती वाढवली की तपशील वाढतो, असा समज आहे. प्रत्यक्षात टीव्ही वस्तूंच्या कडांना बारीक पांढरी किनार काढतो. काळ्या अक्षरांभोवती किंवा आभाळासमोरच्या विजेच्या तारांभोवती उजळ रेघ दिसते का बघा, आणि ती नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा. तटस्थ आकडा सगळीकडे एकच नसतो. पुष्कळ टीव्हींत तो शून्याच्या आसपास असतो, सोनीत ५० वर. म्हणून आकड्यापेक्षा त्या रेघेवर विसंबा.

४. पांढरा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही आहे. तीनही मूळ रंग पांढऱ्याच्या पायावर उभे असतात. पाया निळ्याकडे कलला की चेहरे आजारी दिसतात, मग ते सुधारायला कोणीतरी 'कलर' वाढवतो, त्याने कुंकू आणि जास्वंद पेटल्यासारखी दिसतात, मग 'टिंट' फिरवली जाते, आणि शेवटी काहीच जागेवर राहत नाही. पांढरा आधी लावला तर बहुतेक टीव्हींत बाकीच्या रंगांना हात लावायचीच वेळ येत नाही.

मेनूत 'कलर टेम्परेचर' किंवा 'कलर टोन' शोधा. कूल, स्टँडर्ड, वॉर्म असे पर्याय असतात. नावावरून 'वॉर्म' म्हणजे मुद्दाम पिवळं केलेलं असं वाटतं, पण डी-६५ च्या सर्वांत जवळ सहसा तेच असतं. सॅमसंगमध्ये वॉर्म २, सोनीत एक्स्पर्ट १, एलजीच्या अलीकडच्या टीव्हींत वॉर्म ५०.

आता हे आपल्या डोळ्यांनी पडताळूया. आपल्या घरांतल्या एका साध्या वस्तूचा इथे उपयोग होतो. ट्यूबलाइटच्या जागी बसलेल्या एलईडी बॅटनच्या खोक्यावर बहुधा 'कूल डेलाइट, ६५०० के' छापलेलं असतं. म्हणजे डी-६५ च्या जवळचा उजेड तुमच्या हॉलमध्ये आधीच आहे. रात्री फक्त तोच दिवा लावा. टीव्हीवर कोरं पांढरं किंवा फिकट राखाडी चित्र आणा. एक पांढरा कागद पडद्याच्या शेजारी असा धरा की त्यावर दिव्याचा उजेड पडेल. कागद आणि पडदा साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) कमी करा. आता कूल, स्टँडर्ड, वॉर्म असे एकेक पर्याय फिरवून बघा. कूलवर पडदा कागदाच्या शेजारी स्वच्छ निळा दिसेल. ज्या पर्यायावर दोन्ही एकमेकांच्या सर्वांत जवळ येतील, तो तुमचा.

याला मर्यादा आहेत. स्वस्त दिव्यांच्या उजेडात हिरवी झाक असते, आणि कागदातही तो शुभ्र दिसावा म्हणून काही द्रव्यं घातलेली असतात. पण कूल आणि वॉर्ममधलं अंतर इतकं मोठं असतं की निवड करायला एवढी परीक्षा पुरते. हॉलमध्ये पिवळे, ३००० केल्विनचे दिवे असतील तर मात्र ती करू नका; त्यांच्या उजेडात कुठलाही बरोबर लावलेला टीव्ही निळाच दिसेल.

दिवसा करायची असेल तर आषाढ-श्रावणातली भरून आलेली दुपार उत्तम. ढगांतून गाळून येणारा उजेड ६५०० केल्विनच्या आसपास असतो. कागद खिडकीशी धरा, फक्त ऊन थेट पडू देऊ नका. निरभ्र आभाळाखालच्या सावलीत मात्र हे जमत नाही, कारण तो उजेड फार निळा असतो.

फोनचा कॅमेरा यात आणू नका. तो पांढरा रंग स्वतःच सुधारून घेतो, त्यामुळे तुलनेचा अर्थच उरत नाही.

पर्याय निवडला की सात दिवस त्याला हात लावू नका. वर्षानुवर्षं निळा पांढरा पाहिलेल्या डोळ्यांना पहिल्या रात्री सगळं पिवळं वाटतं. घरच्यांची कुरकुर होईल, मावशीकडेही झाली. दोन-तीन दिवसांत डोळे नव्या पांढऱ्याला पांढरा मानू लागतात. आठव्या दिवशी एकदा मुद्दाम कूलवर जाऊन बघा. जे चित्र आधी 'नॉर्मल' वाटायचं ते आता दुधात शाई पडल्यासारखं दिसेल. हे दाखवल्यावर कुरकुर करणारे आपणहून वॉर्मवर परततात, निदान माझ्या ओळखीच्या घरांत तरी तसंच झालं.

कसोटी सामना लागला की तोही बघा. खेळाडूंचे पांढरे कपडे याहून सोपं साधन नाही. सकाळच्या सत्रात ते पांढरे, संध्याकाळच्या उन्हात किंचित सोनेरी आणि स्टँडच्या सावलीत जरासे निळसर दिसायला हवेत. दिवसभर एकाच निळ्या छटेचे दिसत असतील तर तुमचा टीव्ही कूलवर आहे.

५. उजेड, काळा आणि नावांचा गोंधळ

इथे शब्द फसवतात. पडद्यामागचा दिवा कमी-जास्त करणारी सेटिंग म्हणजे बॅकलाइट. 'ब्राइटनेस' म्हणजे पूर्वापार काळ्याची पातळी. पण सोनीसारख्या काही टीव्हींत 'ब्राइटनेस' हे नाव बॅकलाइटला दिलं आहे आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळं आहे. म्हणून नावावर जाऊ नका. सेटिंग हलवा आणि बघा: सगळं चित्र सारखं उजळ-मंद होत असेल तर तो बॅकलाइट, काळे भाग राखाडी होत असतील तर ती काळ्याची पातळी.

बॅकलाइट खोलीप्रमाणे ठेवा. यात बरोबर-चूक नाही, रंगांना त्याने धक्काही लागत नाही. दिवसा जास्त, रात्री कमी. रात्री अंधारात एकदम पांढरं दृश्य आलं आणि डोळे बारीक झाले, तर तो जास्त आहे. दोन मोड वापरून एक दिवसासाठी आणि एक रात्रीसाठी लावून ठेवता आला तर फार सोय होते.

काळ्याच्या पातळीसाठी चाचणीचं चित्र लागतं. 'ब्लॅक लेव्हल टेस्ट पॅटर्न' असं शोधलं की मिळतं. पेन ड्राइव्हवर घेतलेलं अधिक भरवशाचं, कारण इंटरनेटवरून चालवलेलं चित्र दाबलं गेलेलं असतं. व्हिडिओत काळ्याची किंमत १६ आणि पांढऱ्याची २३५ धरतात. चाचणीत १७, १८, १९ अशा क्रमांकाच्या गडद पट्ट्या असतात. खोली अंधारी करून पातळी अशी लावा की १६ आणि त्याखालच्या पट्ट्या काळ्यात मिसळतील आणि १८-१९ जेमतेम दिसतील. फार खाली गेलात तर काळे केस आणि काळा कोट यांचा एकच गोळा होतो. फार वर गेलात तर रात्रीचं दृश्य धुक्यात घेतल्यासारखं दिसतं. कॉन्ट्रास्टचंही असंच, दुसऱ्या टोकाला: २३० च्या पुढच्या फिक्या पट्ट्या पांढऱ्यात विरघळू लागल्या की एक-दोन आकडे मागे या.

लॅपटॉप जोडल्यावर काळा फिका किंवा अति गडद झाला तर सेटिंग्जवर राग काढू नका. लॅपटॉप काळा ० पासून मोजत असतो आणि टीव्ही १६ पासून. 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' ऑटोवर ठेवा; तरीही जुळलं नाही तर दोन्हीकडे एकच पर्याय निवडा.

मेनूत 'गॅमा' दिसेल. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती गडद दिसाव्यात ते ती सेटिंग ठरवते. उजेडाच्या खोलीसाठी २.२ निवडा, अंधाऱ्या खोलीसाठी २.४ किंवा 'बीटी.१८८६' नावाचा पर्याय.

६. रंग आणि चेहरे

पांढरा नीट लागला असेल तर 'कलर' आणि 'टिंट' मूळ आकड्यावरच सोडा. सिनेमा मोडमध्ये कंपनीने ते बहुधा ठीक ठेवलेले असतात. पडताळायचंच असेल तर चेहरे बघा, आणि एकाच कार्यक्रमावर निर्णय घेऊ नका. मालिकांत मेकअप जास्त असतो, बातम्यांत दिवे कडक असतात. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित केलेले सावळे, गोरे, गव्हाळ चेहरे बघा. सगळेच लालसर असतील तर कलर दोन-तीन आकड्यांनी खाली. त्यानंतर ओळखीच्या वस्तू: हळद, केळीचं पान, गणपतीचा शेंदूर. यांचे रंग आपल्या मनात पक्के असतात. शेंदूर केशरी न दिसता लाल दिसत असेल, किंवा केळीच्या पानातल्या शिरा एकाच हिरव्यात गडप झाल्या असतील, तर रंग जास्त आहे. जांभळ्या पैठणीचं पोत दिसलं पाहिजे. नुसता रंगाचा सपाट ठिपका दिसता कामा नये.

'कलर स्पेस' किंवा 'कलर गॅमट' ऑटोवर ठेवा. 'नेटिव्ह' किंवा 'वाइड' केलं की साधं चित्रही पॅनेलच्या पूर्ण कुवतीइतकं ताणलं जातं, आणि मावशीच्या टीव्हीवरच्या त्या चमकत्या गवताचं एक कारण तेच होतं.

७. एचडीआर: खोक्यावरचं नाव आणि पडद्यावरची कुवत

साधं चित्र १०० निट्स धरून बनतं. एचडीआर चित्र बहुधा १००० निट्स किंवा त्याहून जास्त धरून. रंगही जास्त: साध्या चित्राच्या ८ बिटमध्ये १ कोटी ६७ लाख, एचडीआरच्या १० बिटमध्ये १०७ कोटी. सूर्यास्ताच्या आभाळात दिसणारे जिन्यासारखे पट्टे १० बिटमध्ये विरून जातात.

पण खोक्यावर 'एचडीआर' छापलेलं असलं म्हणजे टीव्ही तितका उजेड देतोच असं नाही. पुष्कळ स्वस्त टीव्ही फक्त तो सिग्नल ओळखतात. त्यांचा उजेड ३०० निट्सच्याही आत असतो आणि पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करणारी लोकल डिमिंगची सोय नसते. अशा टीव्हीवर एचडीआर चित्र काळपट दिसलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. त्यावर तोच कार्यक्रम साध्या चित्रात जास्त चांगला दिसू शकतो, आणि तसा बघायला काही हरकत नाही.

चांगला टीव्ही असेल तर एचडीआर चालू असताना बॅकलाइट पूर्ण, लोकल डिमिंग 'हाय' ठेवून बघा. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकारात ब्राइट आणि डार्क असे दोन पर्याय दिसले तर दिवसा पहिला, रात्री दुसरा. बाहेरचा प्लेअर किंवा गेम कन्सोल जोडला असेल तर त्या पोर्टसाठी सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर' चालू करावं लागतं, नाहीतर एचडीआर बहुधा येतच नाही. एचडीआरची सेटिंग्ज साध्या चित्राहून वेगळी जतन होतात, त्यामुळे एचडीआर कार्यक्रम चालू करून पांढऱ्याची आणि हालचालीची पायरी पुन्हा एकदा करा.

८. खोली

आपल्याकडे टीव्ही फार उंच टांगतात आणि निम्मं घर खाली सतरंजीवर बसतं. एलसीडी पडदा खालून किंवा बाजूने पाहिला की काळा राखाडी होतो आणि रंग फिके पडतात. व्हीए नावाच्या एलसीडी पॅनेलमध्ये हे जास्त जाणवतं. टीव्ही हलवता येत नसेल तर पुढे झुकवता येणारं ब्रॅकेट बसवा. रोज जिथे बसता तिथेच बसून सगळी जुळवणी करा, पडद्यासमोर उभं राहून नको.

अंतरासाठी सोपा हिशेब: पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट. ४३ इंचीला साधारण साडेपाच ते सहा फूट, ५५ इंचीला सात ते आठ फूट.

समोरच्या खिडकीला जाड पडदा लावला तर चित्रात जितका फरक पडतो तितका कुठल्याही सेटिंगने पडत नाही. काळा रंग पडदा स्वतः तयार करत नाही, खोलीतला उजेड त्यावर पडून तो राखाडी होतो. रात्री संपूर्ण अंधारापेक्षा टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा. डोळ्यांवरचा ताण कमी होतो आणि काळा जास्त काळा भासतो. रंगीबेरंगी पट्ट्या मात्र नकोत, त्या डोळ्यांचा पांढऱ्याचा अंदाजच बिघडवतात.

९. याच्या पुढे जायचं असेल तर

मेनूत 'व्हाइट बॅलन्स', २ पॉइंट, १० किंवा २० पॉइंट असे रकाने दिसतील. कलरीमीटर नावाचं यंत्र नसेल तर त्यांना हात लावू नका. हे यंत्र पडद्यावर टेकवून रंग मोजतात. चूक डेल्टा-ई या आकड्यात येते, आणि ती ३ च्या खाली असेल तर चालू चित्रात बहुतेकांना ती कळत नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणाच्या टीव्हीचे व्हाइट बॅलन्सचे आकडे उतरवू नका, कारण एकाच कारखान्यातली दोन पॅनेलं सारखी नसतात. मोड कोणता, काय बंद, काय चालू, एवढं उतरवायला हरकत नाही.

नवा टीव्ही घ्यायला निघाला असाल तर पेन ड्राइव्हवर स्वतः काढलेले, ओळखीच्या माणसांचे फोटो घेऊन जा, आणि विक्रेत्याला सगळे टीव्ही सिनेमा मोडवर टाकायला सांगा. बाजूला सरकून, खाली वाकून बघा. क्यूएलईडी म्हणजेही एलसीडीच, फक्त क्वांटम डॉट्सचा थर असलेला. ज्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, तेच हे सूक्ष्म कण. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याच्या काळ्याला तोड नाही. भर उजेडाच्या हॉलसाठी मी चांगला मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागे पुष्कळ बारीक दिवे असलेला एलसीडी, घेईन.

सगळं जमलं की एक काम राहतं. सेटिंग्ज बहुतेक टीव्हींत इनपुटनुसार वेगळ्या जतन होतात. सेट-टॉप बॉक्सवर नीट लावलं आणि आतल्या ॲपमध्ये पुन्हा नीळ, असं होतं. 'अप्लाय टू ऑल इनपुट्स' हा पर्याय असेल तर तो वापरा, नसेल तर प्रत्येक इनपुटवर जाऊन पुन्हा करा. मग प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर किंवा कोणी मूल रिमोटशी खेळल्यावर सगळं मूळपदावर गेलेलं मी पाहिलं आहे. मावशीने तर आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत, गॅस सिलेंडरच्या तारखेच्या खाली.